तीच पेटी, घरात आणि अंगणात

या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. पांढरी साडी, उलटे पाय, आपोआप हलणारा पाळणा... मी लातुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं, आणि मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला आधी जाऊ देतो, एवढंच. माझ्या अनुभवात भूत नाही, पिंपळ नाही. रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड, लख्ख उन्हात, व्हरांड्यात, चहा-पोहे चालू असताना ही गोष्ट घडली. साक्षीला माझे मिस्टर आहेत. तरी तिचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील, अप्पा, नांदेडचे पेटीवाले. जुन्या नांदेडात त्यांचं पेटी दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे सरदारजी, शाळेतले संगीताचे मास्तर, खेड्यापाड्यांतली भजनी मंडळं, सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे. सुरांच्या धातूच्या जिभा कानशीने घासून घासून त्यांच्या बोटांना पितळेचा वास यायचा. त्यांची एक पद्धत होती. पेटी दुरुस्त झाली की तिच्यावर एकदा सगळे सूर वाजवायचे, एखादी भजनाची चाल वाजवायची, आणि ते टेपवर भरून ठेवायचे. शेवटी स्वतःच्या आवाजात गावाचं नाव, आणि मग, "सूर लावला, सूर तपासला." याला ते पावती म्हणायचे. गिऱ्हाइकाने तक्रार केली की कॅसेट काढायची आणि पेटीशेजारी वाजवून दाखवायची. "बघा, माझ्याकडून निघाली तव्हा अशी होती. पुढं तुमी पावसात ठिवली त्याला म्या काय करू?"

भूकंपाच्या वर्षी त्यांच्याकडे ढिगाऱ्यातून काढलेल्या पेट्या आल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. भात्यात माती, पट्ट्यांत माती. माणसांना राहायला धड पत्र्याची शेडं मिळाली नव्हती आणि ही मंडळी पेटी घेऊन नांदेडला येत होती. अप्पांनी एकाही पेटीला नाही म्हटलं नाही. त्या पेट्यांच्या पावत्या त्यांनी वेगळ्या खोक्यात ठेवल्या.

पुढे आई गेली, दुकान बंद झालं आणि मी अप्पांना लातूरला आणलं. हे दिवस लातूरच्या क्लासेसच्या भरभराटीचे. गल्लोगल्ली होस्टेलं, भिंतीभिंतींवर रँक काढलेल्या मुलांचे फोटो, रविवारी टेस्ट, सोमवारी निकाल. अप्पा म्हणायचे, "माय, तुमच्या गावात मानसं कमी आन् रोल नंबर जास्ती हायेत." व्हरांड्यात त्यांनी आपली हत्यारांची लाकडी पेटी मांडली आणि हळूहळू इथलीही कामं येऊ लागली.

मग ती गोष्ट व्हायला लागली... कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येईनात. दारावरची बेल ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरांनी तपासून आलेख हातात ठेवला. दोन्ही कानांनी वरच्या पट्टीतले आवाज गेले होते. अप्पांनी तो आलेख बघितला, म्हणाले, "डोंगर उतरतो तसं दिसून राहिलंय," आणि घडी करून खिशात ठेवला. काम मात्र चालूच. पुढच्याच महिन्यात एका मंडळाने पेटी परत आणली. वरच्या सप्तकातला एक सूर सरळ सरळ फसलेला होता. माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळला!

त्या दिवशी मी घाबरले. पन्नास वर्षांचं नाव होतं त्यांचं. ते नाव माझ्या व्हरांड्यात बसून मातीत जाणार आणि ते त्यांना ऐकूही येणार नाही, हे मला सहन होईना. त्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातले आबा आले, खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेली पेटी घेऊन. भूकंपात ढिगाऱ्यातून निघालेली, अप्पांनीच दुरुस्त केलेली. "अप्पा, पुन्यांदा सूर लावून द्या. दुसऱ्या कोनाच्या हातात देणार न्हाई." अप्पांनी ठेवून घेतली. मी मनात ठरवलं, ही पेटी त्यांना उघडू द्यायची नाही. पण सांगायचं कसं? ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्याला म्हणायचं, अप्पा, आता हात नका लावू?

आता कॉम्प्युटरकडे येते. आमचे हे, म्हणजे रमाकांत, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. अप्पांच्या कॅसेटी बुरशीने खराब होतील म्हणून त्यांनी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्यांना लिनक्सचं भारी वेड. त्यामुळे आमच्या एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. चालू केलं की मेनू यायचा, हवी ती सिस्टीम निवडायची.

एके दिवशी अप्पा जेवताना म्हणाले, "तुमचा कॉम्पूटर दोन तऱ्हेनं वाजवतो. कधी पेटी घरात वाजते, कधी अंगणात."

हे जेवण सोडून उठलेच! "अप्पा, कधी बदलतं? मी सिस्टीम बदलली की?"

"ते मला काय मालूम. फरक हाय एवढं खरं."

मी पोळी वाढता वाढता म्हणाले, काही फरकबिरक नाही. फाइल तीच, साउंड कार्ड तेच, स्पीकर तेच. आकडे तेच असतील तर सिस्टीम कुठलीही असो, आवाज तोच. पोस्टमन बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलतो का? माझं हे वाक्य मला फार आवडलं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एक विचार आला. आज मी त्याला दुष्ट विचार म्हणते. म्हटलं, हीच संधी आहे. यांची परीक्षा घेऊ. जो फरक अस्तित्वातच नाही तो यांना ऐकू येतोय, हे कागदावर दाखवलं की कान गेलेत हे ते आपणच मान्य करतील. मला बोलावं लागणार नाही.

परीक्षा घेण्यात लातूरकरांचा हात कोण धरणार? रविवारी सकाळी कॉम्प्युटर आतल्या खोलीत, दार बंद, रमाकांत आत. लांब वायर काढून स्पीकर व्हरांड्यात. अप्पा आणि मी बाहेर. दोन्ही सिस्टीममध्ये आवाज सारखा राहावा म्हणून मी मल्टीमीटर लावून मोजून घेतलं. दर वेळी रमाकांतनी नाणं उडवायचं, छापा-काट्याप्रमाणे सिस्टीम लावायची, वहीत लिहून ठेवायची. सुरू व्हायला एका सिस्टीमला कमी, दुसरीला जास्त वेळ लागतो, त्यावरून ओळखू नये म्हणून बरोबर दहा मिनिटांनीच वाजवायचं. कोणती चालू आहे हे मलाही माहीत नको, नाहीतर अप्पा माझा चेहरा वाचतील. चेहरे वाचण्यात ते पटाईत. प्रश्न वीस. बरोबरला चार, चुकीला उणे एक, आमच्या क्लासच्या नियमाप्रमाणे. वाजवायची ती आबांच्याच पेटीची जुनी पावती.

सुरुवातीला नमुना म्हणून दोन्ही सिस्टीम एकेकदा ऐकवल्या. पहिली वाजली. अप्पांनी डोळे मिटले. "हे घर." दुसरी वाजली. "हे अंगण." मी माझ्या कागदावर लिहून घेतलं, घर म्हणजे विंडोज, अंगण म्हणजे लिनक्स.

मग चार तास अप्पा ऐकत होते आणि उत्तरपत्रिकेवर एकेक शब्द लिहीत होते. घर. अंगण. अंगण. घर. एकदाही अडले नाहीत. मध्ये पोहे झाले, दोनदा चहा झाला. मला मात्र वीसच्या वीस वेळा तीच ती पेटी ऐकू आली.

दीड वाजता मी वही आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. पहिलं चूक. दुसरं चूक. तिसरं... वीसच्या वीस चूक! एकही बरोबर नाही. खरं सांगते, मला क्षणभर हायसं वाटलं. मी लाल पेनाने वर गोल करून लिहिलं, उणे वीस.

"किती पडले, माय?"

"उणे वीस, अप्पा." मी मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना हळू ऐकू येत नव्हतं. शेजारच्या होस्टेललाही ऐकू गेलं असेल.

"म्हंजे शून्याच्याबी खाली?"

मी मान हलवली. ते थोडा वेळ स्पीकरकडे बघत बसले. मग उठले, कानस पुसली, चिमटा पुसला, हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. "खरं हाय. आता बस झालं." त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्यांनी आबांना फोन लावायला सांगितला. पेटी घेऊन जा म्हणाले, सोबत माझी हत्यारंबी घेऊन जा, तुमच्या गावात कोनी शिकलं तर कामाला येतील. आबा गुरुवारी येतो म्हणाले.

पुढचे तीन दिवस अप्पा व्हरांड्यात बसलेच नाहीत. टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद करून.

गुरुवारी सकाळी मी क्लासच्या स्टाफरूममध्ये होते. आमचे गणिताचे सर उदगीरचे. पेपर तपासता तपासता ते एकदम हसायला लागले. "मॅडम, हे बघा की. चूक का बरोबर सांगा, वीस मार्काचा प्रश्न. ह्या पोरीचे वीसच्या वीस चुकलेत. रकानेच उलटे धरलेत तिनं." मग ते जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "एवढं चुकायला समदं यावं लागतंय, मॅडम."

नुसत्या अंदाजाने टिक केली असती तर त्या पोरीची दहा-बारा तरी बरोबर आली असती. न बघता नाणं टाकलं तरी निम्म्या वेळा जमतं. वीसच्या वीस चुकायचं म्हणजे प्रत्येक वेळी फरक कळला पाहिजे, फक्त नावं उलटी लागली पाहिजेत. रोज गठ्ठ्याने पेपर तपासणारी मी! लाल पेन हातात आलं की मार्क दिसतात, माणूस दिसत नाही. उणे वीस बघितले आणि नापास केलं. माझ्या बापाला.

जिन्यात उभी राहून रमाकांतना फोन लावला. "अहो, रविवारी नमुन्याला पहिली सिस्टीम कोणती लावली होती?"

"वरची."

"वरची म्हणजे?"

"मेनूत वर असते ती. लिनक्स. का ग?"

"मी विंडोज धरली होती."

पलीकडून रमाकांत एवढंच म्हणाले, "अरे देवा." देव न मानणारा माणूस तो.

नव्वद मुलं वर्गात बसवून मी तशीच निघाले, आयुष्यात पहिल्यांदा. ऑटोवाल्याला सांगितलं, जमेल तेवढं लवकर. घरी पोचले तर व्हरांड्यात आबा बसलेले, शेजारी फडक्यात बांधलेली पेटी, आणि अप्पा खाली बसून हत्यारांच्या पेटीला सुतळी बांधत होते.

"अप्पा," मी ओरडले, "तुमच्या पेपरची रीचेकिंग झाली!"

"म्या कुठं फारम भरला होता?"

"मी भरला. वीसपैकी वीस आलेत."

सुतळी हातातच राहिली. आबा म्हणाले, "वीसातले वीस? म्हंजे पैलाच नंबर की!"

मी आतून उत्तरपत्रिका आणली, उणे वीसवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ऐंशी. नमुन्याची अदलाबदल कशी झाली तेही सांगितलं. अप्पांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मंग आधी कोन चुकलं व्हतं?"

"मीच. उत्तरंच उलटी धरली होती."

"मास्तरीणबाई चुकली?"

"हाव," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. आबा बिचारे गोंधळून फडक्याची गाठ सोडायला लागले.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पर माय, येक सांगतो. त्या मंडळाची पेटी परत आली ना, ती चूक माझीच. वरचे सूर मला ऐकू येत न्हाईत. तुला सांगायला लाज वाटून राहिली होती." सुतळीची गाठ सोडत म्हणाले, "आता आसं करू. खालचे सूर मी लावतो. वरचे तू ऐक."

मला कुठे कळतंय म्हटलं तर म्हणे, शिकवतो. पुढचा दीड महिना रोज संध्याकाळी क्लासवरून आले की आम्ही दोघं त्या पेटीपुढे. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत की आवाज हेलकावतो, वर-खाली होतो. जुळले की हेलकावा थांबतो. याला आम्ही बीट्स म्हणतो. बारावीच्या पुस्तकात आख्खा धडा आहे. इतकी वर्षं मी तो फळ्यावर लिहून शिकवला, सूत्रासकट, गणितांसकट. कानाने पहिल्यांदा ऐकला तो अप्पांच्या शेजारी बसून. मी बोट वर करायचे, "अजून हेलकावतंय." ते कानशीचा एक हलका हात मारायचे. "आता?" "अजून थोडं." "आता?" मी मान डोलवायचे, आणि ते हसायचे.

मी त्यांना विचारलं, तो घर-अंगणाचा फरक तुम्हाला कळतो तरी कसा? कुकरची शिट्टी ऐकू न येणाऱ्या माणसाला?

"कानानं न्हाई कळत. कसं कळतं ते सांगता येत न्हाई. येकीत वाजवनारा भिताडाला टेकून बसलाय. दुसरीत त्याच्या मागं कायबी न्हाई, मोकळं हाय."

"अहो पण अप्पा, वाजवणारे तुम्हीच होतात. दुकानात."

"तेच तर. दुकानात टेप केली. मंग पेटी पोचवायला आबांच्या गावाला गेलो. छपराखाली यायला कोनी तयार न्हाई, समदे भ्यालेले. मंग अंगणातच बसून वाजवली, तीच चाल. आता तुमच्या येका सिस्टीमीत मी दुकानात बसलेलो ऐकू येतो, आन् दुसरीत त्यांच्या अंगणात."

त्या अंगणातली टेप कुणीच केली नव्हती. मी दोनदा विचारून घेतलं.

त्यानंतर मी जे जे सुचलं ते केलं. दोन्ही सिस्टीममधून निघणारा आवाज दुसऱ्या मशिनवर भरून आलेख एकावर एक ठेवले. मला दिसेल एवढा फरक नाही. स्वतःची परीक्षा घेतली, वीसपैकी नऊ. रमाकांत, अकरा. गणिताचे सर, ज्यांना गाण्यातलं कळतं असा त्यांचा समज आहे, आठ. वीसच्या वीस नशिबाने जुळायचे तर दहा लाखांत एकदा, हा हिशोबही सरांनीच करून दिला. अप्पांना पुन्हा बसा म्हटलं तर म्हणाले, "येकदा पास झालेला मानूस पुन्हा परीक्षेला कशाला बसंल?"

आज अप्पा नाहीत. तो जुना कॉम्प्युटर आहे. रमाकांतनी दोनदा भंगारात काढायला घेतला, मी दिला नाही. त्यावर आबांच्या पेटीची नवी पावती आहे, व्हरांड्यात आम्हीच भरलेली. अधूनमधून रविवारी सकाळी मी ती लावते, आधी एका सिस्टीमवर, मग दुसऱ्या. डोळे मिटून ऐकते. भिंत कुठे आणि मोकळं कुठे, मला काही म्हणजे काही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा. भास होता एवढं मात्र म्हणू नका, वीस वेळा एकसारखा भास होण्याची शक्यता मी वर दिलेली आहे.

दोन्हीकडे मला ऐकू येतं ते एकच. पेटी थांबते, हत्यारांच्या पेटीची सुतळी ओढल्याचा आवाज येतो, आणि मग अप्पा, जरा मोठ्यानेच, कारण स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नव्हता, आबांच्या गावाचं नाव सांगतात. "सूर लावला," म्हणतात, आणि थांबतात. पन्नास वर्षांच्या पावत्यांत नसलेला एक शब्द त्यांना इथे घालायचा असतो.

"सूर तपासला, दोघांनी."